नागामाचीच्या मातीच्या भिंती

स्मरणिकेसाठी 'शाळेच्या आठवणी' लिहून पाठव, असा निरोप आला. पण आठवणी रंगवून सांगणारे आपल्या तुकडीत माझ्यापेक्षा सरस पुष्कळ आहेत आणि त्यांच्या आठवणींत मीही बरीच सापडेन. म्हणून संपादक मंडळाला विचारून मी एका गावाबद्दल लिहिते आहे. शाळेशी त्याचा संबंध एवढाच, की इतिहासाच्या पुस्तकात जपानवर दीडेक पान होतं, बाईंनी ते एका तासात संपवलं होतं आणि 'मेइजी काळातील सुधारणा' यावर टीप आली तर त्यात 'सामुराई वर्गाचे विशेषाधिकार नष्ट झाले' हे वाक्य असलंच पाहिजे, असं बजावलं होतं. ते वाक्य मी तेव्हा बिनचूक लिहिलं आणि गुणही मिळवले. त्या वाक्याच्या आत किती माणसं होती, हे कळायला कानाझावाला जावं लागलं.

कंपनीच्या कामासाठी २०१८ साली सहा महिने टोकियोत होते. डिसेंबरात एक जोडून सुट्टी मिळाली, तेव्हा ऑफिसातल्या एका सहकारी बाईंबरोबर कानाझावाला गेले. हे गाव जपानच्या पश्चिम किनाऱ्याजवळ, इशिकावा प्रांतात आहे. २०१५ पासून तिथे शिंकानसेन जाते, त्यामुळे टोकियोहून अडीच-तीन तासांत पोचता येतं. पूर्वी हेच अंतर इथल्या सरदाराचा लवाजमा पायी तोडायचा. एका वर्षाआड राजधानी एदोत, म्हणजे आजच्या टोकियोत, हजेरी लावायची सक्ती होती. दोन हजारांपासून चार हजारांपर्यंत माणसं आणि जवळपास पाचशे किलोमीटरची चाल. खर्च सरदाराचा. त्यामुळे बंड करायला पैसे फारसे उरत नसत.

मायेदा तोशिइए १५८३ मध्ये कानाझावाच्या किल्ल्यात आला. त्याआधी शंभरेक वर्षं हा मुलूख एका बौद्ध पंथाच्या अनुयायांच्या हाती होता. शेतकरी, भिक्षू आणि छोटे जमीनदार यांनी मिळून सरदाराला हटवलं होतं आणि किल्ल्याच्या जागी त्यांचं मठवजा ठाणं होतं. मायेदांनी मात्र पुढे जवळजवळ तीनशे वर्षं इथे राज्य केलं. त्यांच्या मुलखाचं उत्पन्न दहा लाख कोकूंच्या वर होतं. एक कोकू म्हणजे एका माणसाला वर्षभर पुरेल इतका तांदूळ, साधारण दीडशे किलो. तोकुगावा घराण्याखालोखाल एवढं उत्पन्न जपानात दुसऱ्या कुणाचं नव्हतं. दुसऱ्या नंबरवर असण्याचा धोका मायेदांना चांगला कळत होता. तोशिइएच्या विधवेला ओलीस म्हणून एदोत चौदा वर्षं राहावं लागलं. त्यानंतर या घराण्यानं आपली संपत्ती तोफांपेक्षा लाखकाम, रंगीत चिनी माती, सोन्याचा वर्ख, चहाचे समारंभ आणि बागा यांवर खर्च केली. आम्हाला कलेची आवड आहे, युद्धाची नाही, हे शोगुनला दिसत राहावं म्हणून. आजही जपानातला जवळजवळ सगळा सोन्याचा वर्ख कानाझावातच बनतो.

नागामाची ही किल्ल्याच्या पायथ्याची वस्ती. वरच्या आणि मधल्या दर्जाच्या सामुराईंची. मोठमोठ्या दुकानांचा कोरिनबोचा रस्ता सोडून मागच्या अंगाला वळलं, की दहा मिनिटांत आपण तिथे. दगडी फरशीच्या अरुंद गल्ल्या आहेत, मध्येच काटकोनात वळणाऱ्या, म्हणजे शत्रूला सरळ घुसता येऊ नये. दोन्ही बाजूंना मातीच्या उंच भिंती, खाली दगडी जोतं आणि वर छोटंसं छप्पर. एका कडेनं ओनोशो कालवा खळाळत जातो. गावातल्या सगळ्यांत जुन्या कालव्यांपैकी हा एक. किल्ला बांधताना याच पाण्यावरून लाकूड वाहून आणलं असं सांगतात. (पाण्याच्या बाबतीत या गावाला दाद द्यावी लागते. १६३२ मध्ये त्यांनी अकरा किलोमीटरवरून नदीचं पाणी आणलं आणि खोलगट भाग ओलांडून ते उलट्या सायफननं किल्ल्यावर चढवलं. मी तिथे उभी राहून बराच वेळ पातळ्यांचा हिशेब करत बसले. सोबतच्या बाई कंटाळल्या.)

आम्ही गेलो तेव्हा भिंतींवर गवताच्या चटया टांगलेल्या होत्या. दर डिसेंबरच्या सुरुवातीला माळी येतात आणि भाताच्या पेंढ्याच्या चटया छपराखाली ओळीनं बांधत जातात. मार्चच्या मध्यावर त्या उतरतात. इथलं बर्फ ओलं असतं. ते भिंतीला चिकटतं, पाणी मातीत मुरतं, रात्री गोठतं, फुगतं आणि भिंतीचे पापुद्रे सुटतात. मातीची भिंत पावसापासून राखायची म्हणजे काय, हे आपल्यापैकी ज्यांची आजोळं कोकणात आहेत त्यांना सांगायला नको. झापं बांधलेली भिंत आणि ही भिंत, दोघींचं दुखणं एकच. एका दारापाशी गुडघ्याइतका दगड पुरलेला होता. लाकडी पादत्राणाच्या खाचांत बर्फाचा गोळा अडकला, की त्यावर ठोकून काढायचा. तलवारी काचेच्या कपाटात बघून जे झालं नाही ते त्या दगडापाशी झालं. इथे माणसं घरी यायची, हे पटलं.

आत जाऊन पाहता येतं असं मुख्य घर म्हणजे नोमुरा वाडा. नोमुरा देन्बेई हा तोशिइएबरोबर आलेला सरदार. त्याच्या घराण्याला बाराशे कोकूंची नेमणूक होती आणि जागा हजार त्सुबोंहून जास्त, म्हणजे आपल्या हिशेबात तेहेतीस-चौतीस गुंठे. अकरा पिढ्या ते मायेदांच्या चाकरीत होते. दारात चिलखत. आत एका कपाटात त्या घराण्यातल्या एका योद्ध्याला आलेलं आभाराचं पत्र आहे. अमक्या लढाईत तुम्ही कापून पाठवलेलं मुंडकं पोचलं, फार आनंद झाला, अशा अर्थाचं. लिहिणारा आसाकुरा योशिकागे हा शेजारच्या मुलखाचा अधिपती. भाषा इतकी शालीन, की लग्नाच्या आहेराची पोच वाटावी.

बाग लहान आहे, पण तिथून पाय निघत नाही. कालव्याचं पाणी आत घेऊन फिरवलं आहे, त्यात रंगीत मासे, दगडी दिवे आणि चारशे वर्षांचं म्हणून सांगतात ते यामामोमोचं झाड. ओटीच्या कडेला बसलं, की पाय पाण्यावर येतात. बसायच्या खोलीचं छत सुरूसारख्या हिनोकी लाकडाचं, सरकत्या दारांवर कानो परंपरेतली चित्रं. मी फोटो काढले, घरी पाठवले, आणि मग माहितीचा कागद नीट वाचला. नोमुरांचं घर केव्हाच गेलं होतं. ही देखणी खोली कुठल्याही सामुराईची नव्हतीच. किनाऱ्यावरच्या हाशिदाते गावात कुबो हिकोबेई नावाचा गलबतांचा बडा व्यापारी होता. त्यानं आपल्या मुलखाच्या दाइम्योला घरी बोलावण्यासाठी ती बांधली होती. पुढे ती उचलून इथे आणून बसवली. सामुराई गेले आणि त्यांच्या जागेत वाण्याची खोली आली. चार पायऱ्यांच्या समाजरचनेत व्यापारी सगळ्यांत खाली, हे आपण पाठ केलंच होतं.

सोबतच्या बाई म्हणाल्या, म्हणजे हे खरं नाहीच. मला तसं वाटलं नाही. खरी वास्तू बघायला मिळाली नाही याची हळहळ वाटते, ती वाटू द्यावी. पण त्या जागेवर खरोखर जे घडलं, ते असंच घडलं: एकाचं बुडालं आणि दुसऱ्याचं तरलं. ते लपवलेलं नाही, कागदावर छापलेलं आहे. नागामाचीत पाहण्यासारखं सगळ्यांत खरं काही असेल तर ते हेच, असं माझं मत झालं.

रात्री वडिलांना फोन केला. तुमच्यापैकी बरेच जण त्यांना ओळखतात. त्यांनी फोटो पाहिले होते. बागेबद्दल, चिलखताबद्दल एक अक्षर बोलले नाहीत. विचारलं, "पगार बंद झाल्यावर त्यांनी खाल्लं काय?"

आमचे आठ साधे माग २०१६ साली किलोच्या भावानं भंगारात गेले होते, हे लक्षात घेतलं म्हणजे प्रश्न कुठून आला ते कळेल. आणि चाळिशी गाठलेल्या प्रोग्रॅमरलाही तो परका नाही.

पगार एका दिवसात बंद झाला नाही. १८६९ मध्ये सरदारांनी आपापले मुलूख सम्राटाला परत केले आणि सामुराईंच्या नेमणुका कापल्या गेल्या. १८७१ मध्ये संस्थानंच रद्द झाली. १८७३ मध्ये सक्तीची लष्करभरती आली. आता शेतकऱ्याच्या मुलाच्या हातात बंदूक होती, तेव्हा पिढीजात योद्ध्याची गरजच उरली नाही. १८७६ मध्ये दोन गोष्टी झाल्या. तलवार लावून रस्त्यावर फिरण्यावर बंदी आली आणि तांदळाच्या नेमणुका थांबवून त्याऐवजी सरकारी रोखे देण्यात आले. सोप्या भाषेत सांगायचं तर सगळ्या वर्गाला एकदम व्हीआरएस. पुढच्या काही वर्षांत महागाई भडकली आणि रोख्यांवरचं व्याज कशालाच पुरेना. कुणी दुकान टाकलं, कुणी रोखे विकून धंद्यात घातले. ज्यांनी पिढ्यान्‌पिढ्या पैशाला हात लावणं कमीपणाचं मानलं, ते गिऱ्हाइकापुढे वाकायला कुठून शिकणार? 'शिझोकु नो शोहो', म्हणजे सामुराईची दुकानदारी, असा वाक्प्रचारच जपानीत रूढ झाला. अर्थ: हमखास बुडणारा धंदा.

कानाझावाला याचा तडाखा जास्त बसला, कारण दहा लाख कोकूंच्या गावात सामुराई आणि त्यांच्यावर पोसलेले कारागीर हीच तर वस्ती. पुढच्या पंचवीसेक वर्षांत गावाची लोकसंख्या जवळपास तिसऱ्या हिश्श्यानं घटली. वाडे विकले गेले, झाडं तोडून जागा लागवडीखाली आल्या. संताप कुठे जायचा तिथे गेला. १४ मे १८७८ रोजी टोकियोत गृहमंत्री ओकुबो तोशिमिची याला गाडीतून खाली ओढून ठार केलं. मारेकरी सहा, त्यांतले पाच इशिकावाचे, म्होरक्या शिमादा इचिरो कानाझावाचा. सहाही जणांना त्याच वर्षी मृत्युदंड झाला. ओकुबो स्वतः सामुराईच होता, आणि ही सगळी नवी व्यवस्था आणण्यात त्याचा मोठा वाटा होता.

पण वडिलांच्या प्रश्नाचं उत्तर ज्यांनी तलवार उपसली त्यांच्याकडे नाही. ते एका चोपडीत आहे, असं म्हणावं लागेल. इसोदा मिचिफुमी या इतिहासकाराला टोकियोतल्या जुन्या पुस्तकांच्या दुकानात कानाझावाच्या इनोयामा घराण्याची कागदपत्रं मिळाली. १८४२ ते १८७९, सदतीस वर्षांचा घरखर्च. इनोयामा हे सामुराईच, पण मायेदांच्या हिशेब खात्यातले. कमरेला तलवार आणि हातात मणिचौकट. १८४२ मध्ये त्यांच्यावर वर्षाच्या मिळकतीच्या दुप्पट कर्ज झालं होतं. सामुराई म्हणून मान राखायला खर्च करावाच लागायचा: नोकर, आहेर, सणसमारंभ, नातलगांची ऊठबस. नाओयुकीनं घरातल्या वस्तूंची यादी केली, कपडे, भांडी, पुस्तकं विकली, सावकारांशी बोलणी केली आणि त्या दिवसापासून दमडीन्‌दमडी लिहायला लागला. घरातल्या समारंभाला पानात मोठा तांबडा मासा वाढायची रीत होती. परवडत नव्हता, म्हणून माशाचं चित्र काढून ठेवलं. तेही खर्चाच्या वहीच्या भाषेत, एकही उसासा न टाकता. या कागदांवरचं इसोदांचं पुस्तक २००३ मध्ये आलं आणि पुढे २०१० मध्ये त्यावर सिनेमाही निघाला. नाओयुकीचा मुलगा नारियुकी हिशेबच शिकला होता. जुनं राज्य गेलं तेव्हा नव्या सरकारला तलवारबाज नको होते, पण हजारो माणसांच्या रसदीचा मेळ घालणारा माणूस हवा होता. तो आरमाराच्या हिशेब खात्यात लागला आणि गावाकडच्या बेकार नातलगांच्या मानानं ऐश्वर्यात राहिला. घराण्याची जी विद्या दुसऱ्या सामुराईंच्या लेखी कारकुनी होती, तीच उपयोगी पडली.

दुसऱ्या दिवशी सकाळी आम्ही पुन्हा नागामाचीत गेलो. वस्तीच्या एका टोकाला आशिगारू, म्हणजे साध्या प्यादी शिपायांची, दोन घरं जपून ठेवली आहेत. प्रवेश मोफत असूनही तिथे फारसं कुणी नव्हतं. लाकडी पट्ट्यांचं छप्पर, ते उडू नये म्हणून त्यावर दगड. चार-पाच खोल्या, दारात चार झाडं. या दोन घरांत अगदी १९९० च्या दशकापर्यंत कुटुंबं राहत होती, म्हणजे आपण प्राथमिक शाळेत होतो तेव्हासुद्धा. वाड्यापेक्षा मला तिथे जास्त बरं वाटलं. जिना, शिंकाळ्यासारखी टोपली, कोनाडा, सगळं हाताच्या उंचीवर.

आणि मग जे कळलं त्यामुळे हा लेख टोकियोच्या आठवणींत न राहता आपल्या स्मरणिकेत आला. १८७४ मध्ये याच नागामाचीत रेशीम काढण्याचा कारखाना उभा राहिला. पुढाकार हासेगावा जुन्या या माजी सामुराईचा, जो नंतर गावाचा नगराध्यक्षही झाला. यंत्रं उभारली त्सुदा किचिनोसुके या सुतारानं. सरकारनं तोमिओकात नमुन्याचा रेशीम कारखाना काढला होता, तो पाहून येऊन त्यानं इथे तसंच करून दाखवलं. कामावर आल्या त्या सामुराईंच्या घरातल्या मुली. ज्यांच्या बापांचा पगार थांबला होता, त्या मुलींच्या बोटांवर घर चालायला लागलं. भिंतींपाशी लावलेल्या फलकांवर याबद्दल मला काही आढळलं नाही. असायला हवं होतं.

हाच किचिनोसुके ओयामा देवळाच्या दरवाजाचा कर्ता. १८७५ चा तीन मजली दरवाजा, वरच्या मजल्याला रंगीत काचा, त्यावर वीजवाहक. देऊळ तोशिइएचं आणि दरवाजा कुठल्याच देशाचा नाही, असा. नागामाचीतून चालत जाता येतं, जरूर जा. त्याच्या मुलानं, योनेजिरोनं, वर्षानुवर्षं खटपट करून रेशमी हाबुताए कापड विणणारा यंत्रमाग १९०० मध्ये तयार केला. आणि १९०९ मध्ये त्याच त्सुदा घराण्यातून माग बनवणारी कंपनी निघाली: त्सुदाकोमा.

आता इचलकरंजीत वाढलेल्या माणसाला हे नाव समजावून सांगायला नको. विठ्ठलराव दातारांनी आपल्या गावात पहिला यंत्रमाग बसवला तो १९०४ मध्ये, जहागीरदार नारायणराव घोरपड्यांच्या पाठबळावर. तिकडे मागाचा शोध आणि इकडे मागाचं आगमन, मध्ये चार वर्षं. शंभर वर्षांनी त्यांचे एअरजेट माग आपल्या गावात आले. धोटा नाही, हवेच्या झोतावर आडवा धागा पलीकडे जातो. त्यांच्यापुढे साध्या मागाचं मीटरचं गणित बसेना. खर्चीवाल्यांचे माग आधी थांबले, मग विकले गेले. आपल्या वर्गातल्या तिघांच्या शेडमध्ये आज त्सुदाकोमा आहेत, आणि आपल्या वर्गातल्या किमान दहा घरांतले माग भंगारात गेले. दोन्ही बाजूंचे लोक मेळाव्याला एका पंगतीत बसणार आहेत, हे लिहिताना मला जाणवतं आहे. यात कुणाचा दोष नाही, पण प्रश्न तोच आहे. जॉबर, वहिफणीवाले, कांड्या भरणाऱ्या बायका, यांनी नंतर केलं काय? काही गोष्टी माहीत आहेत: कुणी गारमेंटच्या युनिटमध्ये शिलाईला, कुणी रिक्षा घेतली, एका काकूंनी डबे चालू केले ते आजही चालू आहेत. पण लिहून कुणी ठेवलेलं नाही.

कानाझावा महायुद्धातल्या बॉम्बहल्ल्यांतून वाचलं, म्हणून भिंती उरल्या. आणि १९६८ मध्ये नगरपालिकेनं जुन्या वस्त्या जपण्याचा नियम केला, देशातला पहिला, म्हणून त्या टिकल्या. त्या भिंतींमागे आज साधी माणसं राहतात, दारात छोट्या गाड्या असतात आणि दर हिवाळ्यात चटया चढतात. आपल्याकडे भिंती जपाव्यात असं मी म्हणत नाही. पत्र्याची शेड जपण्यासारखी नसतेही. पण इनोयामांच्या वह्या जुन्या बाजारात पोचेपर्यंत कुणीतरी फेकल्या नव्हत्या, एवढंच.

म्हणून एक विनंती. मेळाव्याच्या दिवशी चित्रकलेच्या वर्गात दोन टेबलं मांडायला मुख्याध्यापकांनी होकार दिला आहे. मी वडिलांची १९९१ ते २००४ ची पगाराची वही आणते आहे. त्यात आठवड्याची मजुरी, उचल, दिवाळीचा बोनस आणि मधूनमधून माझी पेन्सिलीतली बेरीज आहे. कुणाच्या माळ्यावर कांडीचं चाक, लाकडी धोटा, सायझिंगची पावती, युनियनचं पत्रक असं काही असेल, तर पुसूनबिसून न आणता आहे तसं आणा. फक्त मागे कुणाचं, कुठल्या गल्लीतलं ते लिहून चिकटवा. नावं सुवाच्य अक्षरात. बाईही येणार आहेत.